तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे नेमके कशाचे?

‘आयडिया पक्की आहे, ॲप अर्धं झालंय, बिझनेस मॉडेल तेवढं कसं बसवायचं ते सांगा.’ स्टार्टअप काढणाऱ्या कुणाशीही बोलायला बसलं की हा प्रश्न येतोच. त्यातला ‘तेवढं’ मला दरवेळी टोचतो, कारण धंद्यात पैसे कशाचे आणि कसे येणार हे ठरवणं मीही कधीकाळी शेवटी उरकायचं काम समजून चाललो होतो.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी होतं. अपॉइंटमेंट, रुग्णांच्या नोंदी, बिलं. दर ठरवायला आम्हाला एक दुपार पुरली. सगळे घेतात तसे आपणही माणशी पैसे घेऊ, जितकी माणसं लॉगिन करतील तितके. गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणातली (पिच डेकमधली) स्लाइड भरली, विषय संपला. काही महिन्यांनी लक्षात आलं की आठ-दहा माणसांचा दवाखानाही एकच लॉगिन घेतोय. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली, येईल तो त्याच नावाने काम करतो. मग कोणती नोंद कुणी बदलली याचा पत्ताच लागेना, आणि हा पत्ता लागतो हीच तर आमची सगळ्यात मोठी जाहिरात होती! आधी मी चिडलो, लोक फुकटे आहेत म्हणालो. पण लोक बरोबर वागत होते. जितकी जास्त माणसं वापरतील तितकी उपयोगी पडणारी वस्तू आम्ही बनवली होती, आणि माणूस वाढला की दंड लावत होतो.

म्हणून हल्ली मी उलट विचारतो: पैसे कशाचे घेणार? किती, ते नंतर बघू. वस्तूचे, वापराचे, वेळेचे, माणशी, की काम फत्ते झाल्यावर?

हे मोजमाप बदललं की धंदाच कसा बदलतो याचं झेरॉक्स कंपनीइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. साध्या कागदावर प्रती काढणारं ‘९१४’ हे यंत्र १९५९ साली लोकांसमोर आलं. वजन जवळजवळ ३०० किलो, आणि विकत घ्यायला भलतंच महाग. किमतीकडे पाहून शहाण्यासुरत्यांनी या धंद्यात दम नाही असं ठरवलं होतं, आयबीएमनेही त्यातून अंग काढून घेतलं होतं. मग कंपनीने यंत्र भाड्याने दिलं. महिना ९५ डॉलर, त्यात २,००० प्रती, त्यापुढच्या प्रत्येक प्रतीचे काही सेंट. खरेदीचा मोठा निर्णय घ्यायला जो साहेब बिचकला असता तो ९५ डॉलरला सहज हो म्हणाला. एकदा यंत्र कोपऱ्यात येऊन बसलं की कार्बन पेपरची सवय असलेली ऑफिसं कशाच्याही प्रती काढू लागली. आपल्याला इतक्या प्रती लागतात हे त्या ऑफिसांनाही ठाऊक नव्हतं. यंत्र विकलं असतं तर ही सगळी वाढ ग्राहकाच्या घरात राहिली असती. प्रत मोजली म्हणून ती कंपनीकडे आली. यंत्र मात्र तेच होतं.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल सिडली या विमान इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने १९६२ मध्ये असंच केलं. इंजिनाची देखभाल आणि सुटे भाग यांचे वेगवेगळे पैसे न घेता इंजिन जितके तास उडेल त्या तासांवर ठरावीक आकार लावला. पुढे ही कंपनी रोल्स रॉइसकडे गेली आणि त्यांनी ही पद्धत मोठी केली. यातलं मर्म असं की एरवी इंजिन बिघडलं की बनवणाऱ्याचा सुट्या भागांचा धंदा होतो. तासावर आलात की बिघाड हा तुमचा खर्च. ग्राहकाला जे हवं तेच आपल्यालाही हवं, असं मोजमाप मिळालं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

‘रेझर स्वस्त, ब्लेड महाग’ हे आवळा देऊन कोहळा काढण्याचं मॉडेल प्रत्येक नव्या माणसाला आवडतं. पण जिलेटने पेटंट हातात होतं तोवर रेझर चांगला पाच डॉलरला विकला. स्वस्त रेझर आला तो १९२१ मध्ये, पेटंट संपण्याच्या सुमारास. तेव्हा आवळा वाटत सुटण्याआधी कोहळा खरंच आपल्याच परड्यात येणार का, ते बघा.

मोजमाप चुकलं की काय होतं हे मूव्हीपास या अमेरिकन सिनेमा-तिकीट सेवेने दाखवलं. ऑगस्ट २०१७ मध्ये महिना ९.९५ डॉलरमध्ये रोज एक सिनेमा, थिएटरात जाऊन. कंपनी मात्र बहुतेक थिएटरांना प्रत्येक तिकिटाचे पूर्ण पैसे मोजत होती. येणारा पैसा महिन्याला बांधलेला, जाणारा प्रत्येक तिकिटामागे. अशा धंद्यात तुमच्यावर सर्वाधिक प्रेम करणारा ग्राहक हाच सर्वाधिक तोट्याचा. तीस लाखांवर ग्राहक जमले आणि २०१९ च्या सप्टेंबरात सेवा बंद झाली. हे शोधायला एमबीए लागत नाही, एका ग्राहकाचा एका महिन्याचा जमाखर्च कागदावर मांडला तरी दिसतं.

सबस्क्रिप्शनवाल्यांना आणखी एक हिशेब करायला लावतो. महिन्याला पाच टक्के ग्राहक सोडून जातात म्हटलं की किरकोळ वाटतं. शंभरांपैकी वर्षाअखेर चौपन्न उरतात.

‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’बद्दलही विचारतात, म्हणजे सगळा धंदा एका पानावर नऊ चौकोनांत मांडायचा तक्ता. ॲलेक्झांडर ऑस्टरवाल्डर या स्विस लेखकाचा तो तक्ता वाईट नाही, भिंतीवर लावायला सोयीचा आहे. पण चौकोन फार पटकन भरतात, आणि भरले की उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. शिवाय पैसे कधी येणार हे त्यात ठळकपणे कुठेच विचारलेलं नाही. आम्हाला एका मोठ्या रुग्णालयाचं काम मिळालं तेव्हा ऑफिसात जल्लोष झाला. करार असा की सगळं बसवून दिल्यावर नव्वद दिवसांनी पैसे. त्या कामासाठी तीन माणसं घेतली, त्यांचे पगार दर महिन्याला. कागदावर नफा होता, बँकेत खडखडाट. त्याच सुमारास लहान दवाखाने वर्षाचे पैसे आगाऊ देत होते, आणि त्या मोठ्या कामाची उधारी खरं तर त्यांच्याच पैशांवर चालली होती.

‘मग आम्ही नक्की काय करू?’ ॲप पूर्ण होण्याआधी दर एका कागदावर लिहा आणि दहा गिऱ्हाइकांकडे जा. ‘आवडलं का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. आज ॲडव्हान्स देता का, एवढंच विचारा. ‘घरी विचारून सांगतो’, ‘पार्टनरशी बोलतो’ असं उत्तर आलं तर पैसे देणारा माणूस दुसराच कुणी आहे, त्याच्याकडे जा. आमचं सॉफ्टवेअर रिसेप्शनिस्टला आवडायचं, सही डॉक्टरांची लागायची. डेमो मात्र आम्ही कितीतरी दिवस चुकीच्या माणसाला देत राहिलो.

आमचं पुढे काय झालं, हेही विचारतात. माणशी दर सोडून आम्ही अपॉइंटमेंटमागे पैसे घेऊ लागलो. झेरॉक्सच वाचलं होतं ना! लॉगिन धडाधड वाढली, चिठ्ठ्या निघाल्या. दोन महिन्यांनी कळलं की ऐनवेळी येणारे रुग्ण रिसेप्शनिस्ट एका वहीत लिहून ठेवते, सॉफ्टवेअरमध्ये घालतच नाही. डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं. अखेर दवाखान्यामागे ठरावीक रक्कम केली, माणसं आणि अपॉइंटमेंट कितीही. या खेपेला दर ठरवायला सहा आठवडे लागले, आणि त्यातले बरेचसे मी त्या रिसेप्शनिस्टशेजारी स्टुलावर बसून काढले.