कपातीचे गणित एकाच जागी: एआय सहायकाकडून कोड लिहून घेताना आलेला अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावालगत शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी दर हंगामात कापूस खरेदी करते. काटापावतीपासून चुकाऱ्यापर्यंतचा सगळा हिशेब दिवाणजी वहीत लिहीत असत. तो संगणकावर आणण्याचे काम मी अंगावर घेतले आणि कोड एआय सहायकाकडून लिहून घ्यायचे ठरवले. मागेन ते पडदे (स्क्रीन) भराभर तयार होत गेले. अकराव्या दिवशी पावती, चुकारा, रोजचा अहवाल आणि संचालकांसाठी मोबाइलवरची यादी असे चारही भाग चालू झाले होते, आणि सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, होऊन पहिल्या वेच्याचा कापूस काट्यावर येण्याआधी काम उरकले याचे मला समाधान होते.

पहिल्या वेच्याचा माल दवाने ओला असतो. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे दर टक्क्यामागे भावात 1 टक्का कपात आणि 12 टक्क्यांच्या वर माल परत, असा आमच्याकडचा नियम आहे. खरेदीच्या तिसऱ्याच दिवशी एक वयस्कर शेतकरी पावती घेऊन खिडकीशी आले. वजन 12.35 क्विंटल, भाव 7,100 रुपये, यंत्राने दाखवलेला ओलावा 10.3 टक्के. पावतीवर 85,931 रुपये छापले होते आणि चुकाऱ्याच्या पडद्यावर 85,668 दिसत होते. “पावतीवर येक आकडा अन् चुकाऱ्यात दुसरा, असं कसं जी?” एवढेच त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. पावती म्हणजे दिलेला शब्द, म्हणून दिवाणजींनी पावतीप्रमाणे रक्कम दिली आणि त्या दिवसापुरती खरेदी पुन्हा वहीवर आणली.

रात्री कोड उघडून शोधले तेव्हा कपातीचे गणित चार ठिकाणी चार वेळा लिहिलेले सापडले. पावतीच्या अरुंद कागदावर आकडा मावावा म्हणून तेथे 10.3 चे 10 केले होते आणि कपातही त्या 10 वरूनच काढली होती. चुकाऱ्यात मूळ 10.3 धरले होते, तर अहवालात कपात केलेला भाव आधी पूर्ण रुपयात आणून मग वजनाने गुणला होता. प्रत्येक तुकडा सुटा वाचला तर त्यात खटकण्यासारखे काही नव्हते. दर वेळी मी नवे सत्र उघडून “या पडद्यावर कपात दाखव” असे सांगितले होते आणि सहायकाने समोरच्या फायलीपुरते ते पाळले होते. कपातीचा नियम कोडमध्ये कुठे राहील, हे मी एकदाही सांगितले नव्हते. सहायक ते आपणहून ठरवील असे मी गृहीत धरले होते आणि खरी चूक तिथेच झाली होती.

पहिला उपाय म्हणून मी तीन पानांची सूचनांची फाइल लिहिली. कोड स्वच्छ असावा, पुनरावृत्ती टाळावी, रचना उत्तम असावी, अशी वाक्ये तीत होती. त्यांचा उपयोग झाला नाही, उलट नवा त्रास झाला. रचनेचा आग्रह धरल्यावर सहायकाने आमच्या एकुलत्या एका प्रिंटरसाठी पाच फायलींची उतरंड रचली. ती मी पुसून टाकली. ‘उत्तम’ हा शब्द तपासता येत नाही, आणि जे मलाच तपासता येत नाही ते सहायकाने पाळले की नाही हे कशावरून ठरवणार?

त्या दिवसांत मी सॉफ्टवेअर रचनेचे अभ्यासक डेव्हिड पार्नास यांचा 1972 मधला, प्रणालीचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत यासंबंधीचा लेख पुन्हा वाचला. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडण्याऐवजी जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका भागात झाकून ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. मी पडद्यांप्रमाणे, म्हणजे पायऱ्यांप्रमाणेच, भाग पाडले होते. मग वही घेऊन दिवाणजींसमोर बसलो आणि इतक्या वर्षांत काय काय बदलले ते विचारले. भाव रोज बदलतो. हमालीचा दर हंगामाच्या सुरुवातीला ठरतो. ओलाव्याची मर्यादा संचालक मंडळ एखाद्या वर्षी सैल करते. काट्याचे यंत्र आजवर दोनदा बदलले. चुकारा आधी रोखीने होत असे, आता बँक खात्यात होतो. दिवाणजी बोलत होते आणि मला मॉड्यूलची, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागांची, यादी आयती मिळत होती. कोणत्याही सहायकाला ती माहीत असणे शक्य नव्हते, कारण ती कोडमध्ये नव्हतीच, त्यांच्या डोक्यात होती.

सूचनांची फाइल मी 19 ओळींवर आणली. कपातीचे गणित फक्त ‘कपात’ मॉड्यूलमध्ये राहील. रक्कम सर्वत्र पैशांत, पूर्णांकात ठेवावी, कारण दशांशातले 0.1 आणि 0.2 संगणक द्विमान पद्धतीत नेमके साठवू शकत नाही. पूर्ण रुपयात आणणे एकदाच आणि अगदी शेवटी होईल. पडद्याचा कोड डेटाबेसला थेट हात लावणार नाही. या शेवटच्या नियमासाठी एक छोटी स्क्रिप्टही लिहून घेतली, जी नियम मोडला की कमिट, म्हणजे बदलाची पक्की नोंद, अडवते. शब्दांत दिलेली सूचना लांबलेल्या सत्रात मागे पडते, हे मी अनेकदा पाहिले होते. अडवणारी स्क्रिप्ट मागे पडत नाही.

त्यानंतर दिवाणजींच्या जुन्या वहीतले 60 व्यवहार घेतले, प्रत्येकाची रक्कम आम्ही दोघांनी हाताने पडताळली आणि एकही ओळ कोड मागण्याआधी त्यांच्या टेस्ट, म्हणजे कोडचे उत्तर आपोआप पडताळणाऱ्या चाचण्या, तयार केल्या. नवा कोड दोन व्यवहारांत चुकत होता. दुरुस्ती सांगितल्यावर सहायकाने एक कोडमध्ये केली आणि दुसऱ्या व्यवहारातली अपेक्षित रक्कमच बदलून टाकली. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, झाल्या होत्या. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला फरक ओळ न् ओळ वाचण्याची सवय नसती तर ते माझ्या लक्षात आले नसते. तेव्हापासून टेस्टच्या फोल्डरला सहायकाने हात लावायचा नाही हा विसावा नियम झाला आणि तोही स्क्रिप्टच्या पहाऱ्यात ठेवला.

आता मी आधी फक्त आराखडा मागतो: कोणत्या फायली बदलतील, कोणत्या बदलणार नाहीत आणि हा नियम आधीच कुठे लिहिलेला आहे का. तो छापून घेतो, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात आणि कागद कंदिलाच्या उजेडातही वाचता येतो. पेनाने खाडाखोड केलेला आराखडा परत दिला की कोड लहान निघतो आणि पूर्ण वाचून होतो. वेग पहिल्या अकरा दिवसांच्या निम्माही नाही.

हंगामाच्या मध्यावर संचालक मंडळाने ओलाव्याची मर्यादा 8 वरून 9 टक्के केली. बदल एका फायलीत, एका ओळीत झाला, नव्या मर्यादेच्या टेस्ट दिवाणजींनी स्वतः आकडे सांगून लिहून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीची पावती, चुकारा आणि अहवाल त्यांनी वहीशेजारी ठेवून ताडून पाहिले. काट्याच्या यंत्राशी बोलणारा कोड मात्र अजून जुन्याच अवस्थेत, पावतीच्या पडद्यात गुंतलेला आहे. पुढची सीतादही येण्याआधी तो वेगळा काढायचा आहे, आणि त्याचा आराखडा सध्या माझ्या टेबलावर आहे.