कॉफी कपाने मोजू नका, पुडीने मोजा

दिवसाला किती कॉफी चालते, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी कपांत मिळतं. पण ठाण्यातल्या उडपी हॉटेलातला पेला, ऐरोली-महापेच्या ऑफिसमधल्या मशीनचा कागदी ग्लास आणि घरचा मोठा मग, हे तीन ‘कप’ एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. म्हणून हिशोब पुडीपासून करावा.

घरच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये दोघांसाठी 20 ग्रॅम पूड लागते. पोह्याच्या चमच्याने शीग लावून साधारण तीन चमचे होतील, पण एकदा वजनकाट्यावर बघाच, कारण चमच्याचा अंदाज भलताच चुकतो. पूड वरच्या, तळाला भोकं असलेल्या भांड्यात घालून भांडं हलकेच आपटून सपाट करा, पुडीवर दाबायची चकती अलगद ठेवा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग 150 मिली पाणी गोल फिरवत ओता आणि झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांत खाली 110 मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमतं. उरलेलं पाणी पूडच पिते. एका पेल्याला 50-55 मिली डिकॉक्शन आणि 100 मिली गरम दूध. डिकॉक्शन पुन्हा गॅसवर ठेवू नये, उकळलं की सुगंध जातो आणि नुसता कडवटपणा उरतो.

पाणी पाच मिनिटांत खाली उतरलं तर कॉफी फुळकवणी होणार हे नक्की. पूड जाड आहे किंवा कमी पडली आहे. उलट अर्ध्या तासानंतरही पाणी वरच असेल, तर पूड फार बारीक दळली आहे, चकती जोरात दाबली आहे किंवा भोकं बुजली आहेत. तात्पुरता उपाय म्हणजे झाकण उघडून वरचं भांडं थोडं उचलायचं, खाली अडकलेली हवा सुटते. कायमचा उपाय म्हणजे भोकं उजेडात धरून तपासणं. बुजली असतील तर रिकामं भांडं गॅसच्या आचेवर धरून आतला चोथा जाळायचा, गार झाल्यावर घासायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर पुडीची फार काळजी घ्यावी लागते. खाडीकाठच्या दमट हवेत उघडी पिशवी चार दिवसांत वास सोडते, इन्स्टंट कॉफीचा तर दगड होतो. ठाण्यात, वाशी-नेरूळला दाक्षिणात्य वस्ती मोठी असल्याने ताजी पूड मिळणं अवघड नाही. एका वेळी 200 ग्रॅमच घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका.

आता त्या 20 ग्रॅमचा हिशोब. पाकिटावर 80:20 लिहिलं असेल तर त्यात कॉफी 16 ग्रॅम, बाकी चिकोरी. चिकोरी हे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतं. ती रंग, दाटपणा आणि कडवटपणा देते. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा या दोन जातींपैकी अरेबिका बियांत वजनाच्या साधारण 1.2 टक्के कॅफीन असतं, रोबस्टात 2.2 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 16 ग्रॅम निव्वळ अरेबिकात सुमारे 190 मिलीग्रॅम, रोबस्टात 350. तेवढ्याच पुडीतून एका पेल्यात 95 मिलीग्रॅमपर्यंत येईल की 175 पर्यंत, हे बियांवर ठरतं. दुकानात ‘प्लँटेशन ए’ मागितलं तर ती धुतलेली अरेबिका असते. ‘रोबस्टा चेरी’ स्वस्त आणि कडक.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलीग्रॅम आणि एका वेळी 200 मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानलं, गरोदर स्त्रियांसाठी दिवसभराचं 200. यात दिवसभराचे कटिंगही धरायचे, हे हमखास विसरलं जातं.

रोज बेताने कॉफी पिणाऱ्यांत टाइप 2 मधुमेह आणि यकृताचे आजार कमी आढळतात, हे अनेक मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. हा संबंध आहे, औषधाची हमी नाही. आणि चार पेल्यांत दोन-दोन चमचे साखर घातली तर दिवसाला 40 ग्रॅम साखर केवळ कॉफीतून जाते, याकडे डोळेझाक करू नये.

धातूच्या फिल्टरमधून कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक खाली उतरतो आणि तो एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवतो. कागदी फिल्टर तो अडवतो, इन्स्टंटमध्येही तो नगण्य असतो. रिपोर्टमध्ये एलडीएल वाढलेलं असेल तर हा बदल जरूर करा. थायरॉइडची गोळी घेतल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर कॉफी नको, गोळी नीट शोषली जात नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी जेवणावर लगेच कॉफी घेऊ नये, पालेभाजी-डाळीतलं लोह वाया जातं. तासाभराचं अंतर पुरतं. आणि वाफाळती कॉफी घशात ओतू नका: 65 अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटलं. पेल्यातून वाटीत दोनदा ओतण्याची पद्धत इथे फार उपयोगी आहे.

कॅफीन अर्धं उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला 160 मिलीग्रॅम घेतलं तर रात्री दहाला 80 अंगात असतंच. महापे-घणसोलीत रात्रपाळी करणाऱ्यांनी शेवटची कॉफी एक-दीडच्या आत घ्यावी, नाहीतर सकाळी सहाला सुटून घरी आल्यावर डोळा लागत नाही.

रोजची कॉफी एकदम चुकली की 12 ते 24 तासांत डोकं ठणकू लागतं. हरतालिकेच्या निर्जळ उपवासाला संध्याकाळी दुखणारं डोकं नेहमीच भुकेमुळे दुखतं असं नाही. आठवडाभर आधीपासून थोडं थोडं कमी करत आणा. त्यासाठी चिकोरीची मदत घ्या: 80:20 ऐवजी दोन-तीन दिवस 70:30, मग 60:40. पूड तेवढीच, पेल्याचा रंगही तसाच गडद, पण कॉफी 16 ग्रॅमवरून 12 वर आलेली असते.