माळढोकाच्या वाटेवरचे काळवीट

माझ्या दिवाणखान्यातील काळविटाचे छायाचित्र पाहणाऱ्याला ते ठरवून काढलेले वाटते. प्रत्यक्षात त्या सकाळी मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी गेलो होतो. १९७९ साली ज्याच्या नावाने येथे अभयारण्य झाले, तो पक्षी आता इतका दुर्मीळ आहे की, पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा नर पाहण्याची आशा धरणे हा माझा भाबडेपणाच होता. तीन तास कुसळी गवतात बसून पायमोजे कुसळांनी भरले, डबा संपला (शेंगाचटणी आणि कडक भाकरी, दुसरे काय असणार!) आणि उन्हाने माळावरची हवा थरथरू लागली. छायाचित्रात काळविटाचे पाय वितळल्यासारखे दिसतात, ते त्यामुळेच. दोष कॅमेऱ्याचा नाही. मी उठणार, तोच पिळदार शिंगांचा तो काळा नर समोरच्या बांधावर आला आणि माझ्याकडे रोखून पाहू लागला. तो समोर असताना मला एकदाच बटण दाबता आले, कारण शटरच्या आवाजासरशी त्याने उंच उडी घेतली. ती उडी मात्र छायाचित्रात नाही. दुसऱ्या चित्रात केवळ रिकामा बांध आहे. तेही मी जपून ठेवले आहे.