आत्याला दारातून परत का पाठवलं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नात विचारता, मयतीला विचारता, परवा तर पार्क चौकात सिग्नलला थांबलो होतो तेव्हा शेजारच्या गाडीवरून एकाने विचारलं, "काय ओ, लेकरू घरी आणल्यावर तुम्ही सख्ख्या आत्याला दारातून परत पाठवलं म्हणे?"

म्हणे कशाला? पाठवलं. त्या दिवशी मी दार उघडलं नाही.

लेकरू सातव्या महिन्यातच जन्मलं. दवाखान्यातलं सगळं तुम्हाला माहीत आहे, डबे तुम्हीच पोचवलेत. ते परत सांगत बसत नाही. फक्त एक सांगतो. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे तुम्ही आम्हाला धीर द्यायला म्हणत होता, पण ते उलटं आहे. पोटात मिळालेला एकेक आठवडा लेकराच्या फुप्फुसांना, मेंदूला, डोळ्यांना उपयोगी पडतो. आठव्यातलं असतं तर आमचे कितीतरी हाल वाचले असते. तुमच्या तोंडावर हे कधी बोललो नाही, कारण तुम्ही डबा घेऊन आलेला असायचात.

आता घरी आणण्याचं. 'डिस्चार्ज मिळाला' म्हटलं की तुम्ही पेढे मागितलेत. डिस्चार्जचा अर्थ एवढाच होता की लेकरू नळीशिवाय दूध ओढायला लागलं, ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीबाहेर अंग गार पडेना, वजन रोज थोडं चढायला लागलं आणि बरेच दिवस श्वास थांबला नाही. वजन होतं १ किलो ८०० ग्रॅम. हिशेबाने त्या दिवशीसुद्धा तो पोटातच असायला हवा होता. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अजून संपायची होती. अशा लेकरांची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करतात आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावतात. पेढे कशाचे वाटू?

दवाखान्यात श्वासावर नजर ठेवणारा मॉनिटर होता. त्याच्या टूं-टूंने आमचं डोकं उठायचं. घरी पहिल्या रात्री तो आवाज नव्हता आणि आम्हा दोघांना झोप येईना. अपुऱ्या दिवसांची लेकरं श्वासही सरळ घेत नाहीत. भराभर घेतात, मग पाच-सात सेकंद काहीच नाही, मग परत भराभर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एवढं चालतं, पण २० सेकंदांवर गेलं किंवा ओठ निळे दिसले तर तळपाय चोळा आणि तसेच उचलून घेऊन या. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, आकडे मोजणं माझ्या अंगात आहे. मी मोजत बसलो. पाच. सहा. सात. आठ म्हणायच्या आत तो पुन्हा सुरू व्हायचा आणि मला घाम फुटलेला असायचा. मॉनिटर दवाखान्यात राहिला आणि त्याची ड्यूटी माझ्याकडे आली, असं समजा.

आणि इंडीचा एक बाप होता. त्याचं लेकरू आमच्या आधी घरी गेलं होतं. आमच्या डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बघतो तर हा परत त्याच बाकड्यावर. लेकराला सर्दी झाली म्हणाला. तुम्हा-आम्हाला सर्दी झाली तर नाक गळतं. या लेकरांच्या श्वासनळ्या इतक्या बारीक असतात की जराशी सूज आली, कफ साचला की वाटच बंद होते. त्याचं लेकरू पुन्हा व्हेंटिलेटरवर होतं. मी विचारलं, कशानं झालं? तो एवढंच बोलला, "घरी पाव्हणे आले होते." पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आम्हाला सुट्टी मिळाली होती.

हे डोक्यात घेऊन मी घरी आलो, आणि वर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, तोंडावर.

सोलापुरात संक्रांतीच्या आठवड्यात कुणाच्या घरी माणूस येत नाही? आत्या दरवर्षी मंद्रूपहून एसटीने येते. संमती कट्ट्यावरचा सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा बघते, आमच्याकडे जेवते, संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्यात फिरून पाळण्यात बसणाऱ्यांना नावं ठेवते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला न्हाऊ घातलं, भरवलं, मारलं ते सगळं आत्याने. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर तुम्ही विचारता.

बेल वाजली तेव्हा लेकरू माझ्या छातीवर बांधलेलं होतं. याचीही तुम्ही चेष्टा केलीत, तर ऐका. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडायला लागल्या, तेव्हा तिथले डॉक्टर एडगर रे यांनी आईच्या अंगाला लेकरू लावून ठेवायला सुरुवात केली. उघड्या छातीवर उघडं लेकरू, फक्त डायपर, टोपी, मोजे. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरून बायकोच्या जुन्या सुती साडीची पट्टी आणि त्यावर माझा शर्ट. बाईच पाहिजे असं काही नाही, बापाची छातीही तेवढीच गरम असते. बायको दूध काढून, पाजून थकलेली असायची, म्हणून दुपारचे तास माझे.

तसाच उठलो. आमच्याकडे लाकडी दाराबाहेर जाळीचं दार आहे. लाकडी उघडलं. आत्या पायरीवर उभी, हातात पिशवी, कपाळावर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला. तिने पिशवीतून कुंची काढून दाखवली. हिरव्या खणाची, हाताने शिवलेली, कडेला पिवळी पट्टी. दुसऱ्या हातात कागदाच्या पुडीत चांदीचा करदोटा. आणि ती खोकली. पदर तोंडाला लावून परत खोकली.

"धूळ हाय रे गड्ड्याची. उघड."

मी म्हणालो, "आत्या, तुला खोकला आहे. आत नको येऊ."

ती आधी हसलीच. तिला वाटलं मी मस्करी करतोय. मग तिला शर्टातून डोकावणारी टोपी दिसली. "अन् काय करायलास हे? लेकराला असं आवळून बांधतेत व्हय?" तिने जाळीला डोळा लावला. मी मागे सरकलो. मुद्दाम नाही, पाय आपोआप मागे गेला. तिला ते दिसलं.

बायको आतून आली. "मास्क देते. हात धुऊन लांब बसू दे त्यांना." मी नको म्हणालो. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा नको म्हणालो, जरा जोरात. लेकरू दचकलं. आत्याने कुंचीची घडी घातली, करदोट्याची पुडी तिच्यात ठेवली आणि सगळं बाहेरच्या चपलांच्या रॅकवर ठेवलं.

"बरं. नको उघडू. लेकराला जप," म्हणाली आणि जिना उतरली.

ऐन सणात, पाण्याच्या घोटाविना.

दोन-तीन दिवसांनी फोन केला तर तिचा खोकला गेलेला. म्हणजे धूळच होती. हे कळल्यापासून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. मी म्हणतो, निदान पाणी तरी द्यायचं. तेव्हाचा मी म्हणतो, दार न उघडता कसं देणार? मागच्या दाराने दिलं असतं. मागच्या दाराने, आत्याला? ते तर आणखी वाईट. बरं, मग मास्क? तेव्हाचा मी म्हणतो, धूळ आहे हे तुला नंतर कळलं, मला त्या दारात कळायला काही मार्ग होता का? इथे मी गप्प बसतो. त्याचं हे म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, तू खोकल्याला घाबरला नव्हतास. दवाखान्यात सगळे आपल्याला बाहेर थांबा म्हणायचे, घरी आल्यावर पहिल्यांदा तुला ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणता आलं. ऐकल्यावर मला राग आला होता. आता येत नाही, पण पटलंय असंही नाही. मात्र त्या दिवशी दार लावून आत वळलो तेव्हा वाईट वाटण्याच्या आधी मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. क्षणभरच, पण वाटलं होतं.

बाकी जे केलं त्याबद्दल मी कुणाला बांधील नाही. दाराशी तोटी बसवलेलं पिंप ठेवलं, कारण नळाला पाणी चार-चार दिवस नाही आणि हात तर येईल त्याने कोपरापर्यंत धुवायचे. गुटी नाही, मध नाही, धुरी नाही. लोहाचे आणि डी जीवनसत्त्वाचे थेंब दिले. बारसं केलं नाही. बाराव्या दिवशी तो पेटीत होता आणि त्याच्या फायलीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे त्याच्या आईचं नाव होतं, पाळणा कुठे बांधणार? किती महिन्यांचा विचारलंत की मी दोन आकडे सांगायचो, त्यावरही हसलात. लस जन्मतारखेने देतात, पण पालथं पडणं, बसणं हे ठरलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजतात, दोन वर्षांचा होईपर्यंत. "अजून बसत नाही?" असं जन्मतारखेच्या हिशेबाने विचारणारेही तुम्हीच होतात.

आत्या पुढच्या गड्ड्याला आली. मी दार उघडलं, तिने न सांगता पिंपावर हात धुतले आणि लेकराला मांडीवर घेतलं. कुंची तोवर लहान झाली होती. त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. बायको म्हणते, एकदा बोलून टाक. पण ती जर म्हणाली, "मग उघडलं का नाहीस?" तर माझ्याकडे वर लिहिलंय त्यापेक्षा बरं उत्तर नाही.

या गड्ड्यालाही ती येणार आहे. मला विचारण्यापेक्षा तिलाच विचारा. फक्त मी आत चहा टाकत असताना विचारा, आणि जरा मोठ्याने बोलायला सांगा.