स्टिअरिंगवरची दोन बोटं

समोरून आलेल्या पिकअपवाल्यानं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली आणि तो गेला. भाच्यानंही उचलली.

"ओळखीचा का रे?"

"नाही गं आत्या."

पुढच्याचंही तेच. त्यानंतरचा म्हातारा होता, त्यानं एकच बोट उचललं. वयोमानानुसार सवलत मिळत असावी.

अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या खेड्यापाड्यांत हा रिवाजच आहे. पुण्याच्या जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीतून भाचा इथल्या वॉटर्लूच्या कारखान्यात गेला, तेव्हापासून त्याचीही बोटं आपोआप उठतात. मला मात्र वेगळाच घोर. शेजारी बसलेल्या माणसानं काय करायचं? कुणाचा नमस्कार परत केला नाही की मला वाण्याची उधारी राहिल्यासारखं होतं. लहानपणी एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरून बसायचे. समोरच्या एसटीचा ड्रायव्हर हात करायचा, आमचा करायचा, की मागून मीही करायचे. एकदा आमच्या ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "ए पोरी, तो मला करतोय." तेव्हापासून मी हात मांडीवर ठेवते.

इथले रस्ते मात्र माणसाला विचार करायला भरपूर वेळ देतात. १७८५ च्या कायद्यानं या मुलखाची एकेका चौरस मैलाच्या, म्हणजे ६४० एकरांच्या चौकटींत मोजणी ठरवली, आणि रस्ते त्या रेघांवरूनच गेले. नाकासमोर सरळ. दोन्हीकडे मका, डोक्याच्याही वर. (त्यातला बहुतेक गुरांच्या पोटात, नाहीतर इथेनॉल होऊन गाडीच्या टाकीत जातो. माणसांनी खायचा मका वेगळा.) खडीच्या रस्त्यावर समोरची गाडी दिसायच्या आधी तिचा धुरळा दिसतो. तेवढ्या वेळात करावं की न करावं याचा माझा चारदा निकाल लागायचा, आणि दरवेळी उलटा.

आम्ही निघालो होतो ग्रिनेलला, बँक बघायला. बँक काय बघायची, असं मीही म्हटलं होतं. पण शिकागोत गगनचुंबी इमारती उभारणाऱ्या लुई सलिव्हननं उतारवयात अशा छोट्या गावांसाठी बँका बांधल्या, त्यातली ही १९१४ ची. विटांची साधी चौकोनी पेटी, आणि दारावर मात्र टेराकोटाच्या नक्षीचा असा काही स्फोट, की मानेला रग लागेपर्यंत बघावं. नक्षीच्या मधोमध गोल रंगीत खिडकी. दाराच्या दोन बाजूंना पंखवाले सोनेरी सिंह. हे सगळं कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्यासाठी!

गावातल्या चौकात चारी बाजूंना थांब्याच्या पाट्या. आधी येईल तो आधी जाईल, असा नियम. पण चारी गाड्या थांबलेल्या आणि चौघंही एकमेकांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणून हात करतायत. पुण्यातल्या चौकात सगळे एकदम घुसतात, तरी तो लवकर सुटतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

परतताना रस्त्याकडेला पिकअपच्या मागच्या फळीवर कणसं मांडून एक शेतकरी बसला होता. डझनाचे पैसे घेऊन त्यानं तेरा मोजली. इथे मक्याचा डझन तेराचा, असं भाचा म्हणाला. एका कणसाची सालं मागं ओढून त्यानं मला दाणे दाखवले, पांढरे-पिवळे मिसळलेले. नखानं एक फोडला तर दूध उडालं. मग गप्पा. कुठून आलात, तिकडे मका होतो का. त्याचा एक मुलगा डे मॉइनला, दुसरा मिनिॲपोलिसला. जमीन शेजाऱ्याला खंडानं दिलीय. इकडच्या कित्येक काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, शंभर वर्षांपूर्वी होती त्याहून आज कमी माणसं आहेत, त्यातलीच ही.

"हा राहणार ना इथे?" त्यानं भाच्याकडे हनुवटी करून मला विचारलं.

"बघू," भाचाच म्हणाला. "व्हिसाचं काय होतं त्यावर आहे."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पावसाचं काढलं. पाऊस हवाच होता म्हणे, पण थोडा कमी चालला असता.