आज्जीच्या ट्रंकेतल्या नोटा

परवा सांगलीला गेलो तर आज्जीच्या ट्रंकेत जुन्या नोटा सापडल्या, आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर होते त्यामुळं नोटांना अजून हळदीचा वास येतोय (का मलाच वाटतंय काय माहीत). दोनच्या नोटेमागं १९७५ चा आर्यभट उपग्रह, पाचच्या मागं ट्रॅक्टरवाला शेतकरी, ही आपली फेवरेट! पण खरी गंमत एकच्या नोटेत, ती रिझर्व्ह बँक नाय तर भारत सरकार काढतं, म्हणून सही गव्हर्नरची नसून वित्त सचिवाची, आणि ते 'अदा करण्याचं वचन' पण नाही. नव्या वीसच्या मागं आपलं वेरूळ आहे. भाषांच्या पट्टीत १५ भाषा, त्यात मराठी वरनं आठवी, बरोब्बर मधोमध. आज्जी म्हणली, बघून झालं असलं तर ठेव परत जागेवर.