तुम्ही विचारलंत म्हणून: जे-वनवर असताना ग्रीन कार्ड

"जे-वनवर असताना एम्प्लॉयरकडून ग्रीन कार्ड होतं का?" हा प्रश्न मला सतत येतो. (जे-वन म्हणजे शिक्षण-संशोधनाच्या देवाणघेवाणीसाठीचा अमेरिकेचा व्हिसा.) कधी पोस्टडॉक करणारा मुलगा विचारतो, कधी त्याची बायको, कधी पुण्याहून त्याची आई. मी दोन वाक्यं बोलले की समोरून येतं, "ताई, होतं की नाही तेवढं सांगा ना." तेवढंच सांगून मी पूर्वी चुकले आहे, म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

एम्प्लॉयर पर्म (त्या जागेला लायक अमेरिकन माणूस मिळत नाही, हे अमेरिकेच्या श्रम खात्याला दाखवायची प्रक्रिया) करू शकतो, आय-१४० (एम्प्लॉयरने तुमच्यासाठी भरायचा इमिग्रंट अर्ज) भरू शकतो आणि तो मंजूरही होतो. काही जे-वनवाल्यांवर नंतर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट असते, ती तुमच्यावर असली तरी होतो. ती अट आडवी येते शेवटच्या पायरीला, म्हणजे आय-४८५ला (ग्रीन कार्डचा तुमचा स्वतःचा अर्ज), आणि त्याच्या कितीतरी आधी एच-वनला (नोकरीच्या व्हिसाला). भारतात जन्मलेल्या माणसासाठी ईबी-टूची, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीवरच्या ग्रीन कार्डची, रांग दहा वर्षांहून मागे आहे. रिसर्च स्कॉलर म्हणून जे-वनवर राहता येतं फार तर पाच वर्षं. मधला काळ काढायचा तो एच-वनवरच, कारण आय-१४० मंजूर असला आणि रांगेतली तारीख लागलेली नसली तर सहा वर्षं संपल्यावरही एच-वन तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. जे-वनवर घालवलेली वर्षं त्या सहांत धरत नाहीत, एवढा दिलासा आहे. तेव्हा मला विचारताना ग्रीन कार्डचं नंतर विचारा. आधी डीएस-२०१९च्या (जे-वनसाठी स्पॉन्सर देतो तो कागद) तिसऱ्या रकान्यातली शेवटची तारीख सांगा.

अट आहे की नाही, याबद्दल व्हिसाच्या शिक्क्यावर किंवा डीएस-२०१९च्या खालच्या डाव्या चौकटीत जे छापलेलं असतं, ते अंतिम नसतं. ९ डिसेंबर २०२४ला स्किल्स लिस्ट (कुठल्या देशाला कोणती कौशल्यं हवीत याची अमेरिकेची यादी, तिच्यामुळेही अट लागते) बदलली आणि त्यातून भारत वगळला गेला. त्याआधी आलेल्यांनाही हा बदल लागू आहे. ज्यांच्यावर फक्त त्या यादीमुळे अट होती ते मोकळे झाले, शिक्का मात्र जुनाच राहिला. उलट फुलब्राइटवर आलेले किंवा भारत सरकारची फेलोशिप घेऊन आलेले आपल्यालाही सुटलो असं धरून चालतात. सरकारी पैशाची अट यादीशी बांधलेली नाही, ती कायम आहे. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून अ‍ॅडव्हायझरी ओपिनियन, म्हणजे लेखी मत, मागवा. त्याला पैसे पडत नाहीत. "माझ्या मित्राला लागू नव्हती" हा पुरावा नाही, मित्राचे पैसे कुठून येत होते ते तुम्हाला ठाऊक नसतं.

डॉक्टरांचं वेगळं आहे. रेसिडेन्सीसाठी जे-वनवर आलेल्या प्रत्येकावर अट असतेच आणि नो ऑब्जेक्शनची (मायदेशाच्या ना-हरकतीवर अट माफ करून घ्यायची) वाट त्यांना बंद आहे. बहुतेक जण कॉनराड ३० या अटमाफीच्या योजनेतून जातात: राज्यामागे वर्षाला तीस जागा, डॉक्टर कमी असलेल्या भागात आठवड्याला चाळीस तास, तीन वर्षं, एच-वनवर. ते लोक सहसा माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा वकील ठरलेला असतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहितेय ती. २०२३ सालची आहे. कोल्हापूरकडचं जोडपं. तो एका विद्यापीठात पोस्टडॉक, तिसरं वर्ष चालू. ती जे-टूवर (जे-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर), वर्क परमिट घेऊन एका प्रयोगशाळेत नोकरीला. स्किल्स लिस्टमुळे अट लागू होती. प्राध्यापकाकडे ग्रँट वर्षावर्षाने यायची, म्हणून डीएस-२०१९ही एकेका वर्षाचाच निघत होता. त्या वेळच्या कागदावर शेवटची तारीख होती ३१ ऑगस्ट.

त्याने मला विचारलं तेव्हा मी सगळ्यांना एकच सांगत असे: वेव्हर, म्हणजे अटीची माफी, आधी काढून ठेवा, कधीतरी लागणारच आहे, हातात असलेला बरा. त्याने ऐकलं. नोरीच्या, म्हणजे भारत सरकारच्या ना-हरकतीच्या, मागे लागला. राज्य सरकार, दिल्लीचं शिक्षण खातं आणि पासपोर्ट कार्यालय यांचे ना-हरकत दाखले, मग दूतावासाचं पत्र. कोल्हापुरातून सासऱ्यांनी मुंबईच्या खेपा घातल्या. इकडे डीएस-३०३५, म्हणजे वेव्हरचा अर्ज, भरला, १२० डॉलर भरले, केस नंबर मिळाला. मे महिन्यात परराष्ट्र खात्याची वेव्हरसाठी अनुकूल शिफारस निघाली. त्याने पेढ्यांचा फोटो पाठवला होता.

जूनमध्ये ग्रँट पुढे सरकली आणि प्राध्यापकाने नेहमीप्रमाणे आणखी एक वर्ष वाढवायला सांगितलं. आंतरराष्ट्रीय विभागातल्या बाईंनी त्याला बसवून सांगितलं की आता वाढवता येणार नाही. वेव्हरची शिफारस निघाली की तुमचा जे-वन आहे त्या तारखेला संपतो. मुदतवाढ नाही, दुसऱ्या स्पॉन्सरकडे बदली नाही. पाच वर्षांपैकी दोन शिल्लक होती, ती त्या एका पत्राने गेली.

उरला एच-वन. विद्यापीठाला एच-वनच्या लॉटरीत जावं लागत नाही, वर्षभर कधीही भरता येतो, हे खरं. पण डिपार्टमेंटने आधी संमती द्यायची, पैसे ग्रँटमधून चालत नाहीत म्हणून दुसरं खातं शोधायचं, श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा मंजूर कागद) यायचा, आणि विद्यापीठाच्या त्या ऑफिसची स्वतःची रांग चार महिन्यांची. ती रांग जूनमध्ये धरली तर ऑक्टोबर उजाडतो. जादा फी भरून, म्हणजे प्रीमियमने, सरकारकडचं काम काही आठवड्यांत होतं, विद्यापीठातलं होत नाही. ३१ ऑगस्टला दोघांची नोकरी थांबली. पुढचे तीस दिवस फक्त आवराआवरीचे. त्यांनी गाडी विकली, घराचं भाडं करार मोडल्याच्या दंडासकट भरलं आणि सप्टेंबरच्या शेवटी ते निघाले. एच-वनचा शिक्का मुंबईत बसला तो पुढच्या वर्षी. तो परत आला, तीही आली, पण एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर). जे-टूला अर्ज केला की वर्क परमिट मिळतं. एच-फोरला ते मिळतं नवऱ्याचा आय-१४० मंजूर झाल्यावर, आणि तेव्हा पर्मची सुरुवातही झाली नव्हती. तिची नोकरी गेली ती गेलीच.

मी तेव्हा स्वतःची समजूत घालायचे की नियम मी केला नाही, आणि विद्यापीठाने आधी सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं हे आजही म्हणेन. पण सल्ला माझा होता. "वेव्हर आधी" हे अर्धवट वाक्य होतं. पूर्ण वाक्य असं: डीएस-२०१९ आधी जितका लांबवता येईल तितका लांबवा, एच-वन कोण भरणार आणि त्यांना किती महिने लागतात ते लेखी घ्या, आणि मग वेव्हरचा अर्ज अशा हिशेबाने टाका की शिफारस यायच्या वेळी एच-वनची फाइल तयार असेल. तेव्हाची मी म्हणेल, एवढं थांबलं तर पाच वर्षं संपतात आणि वेव्हर येतच नाही. तसंही झालेलं मी पाहिलंय. दोन्ही बाजूंना खड्डा आहे आणि मधली पायवाट प्रत्येकाची वेगळी.

आज हेच घडलं तर आणखी वाईट. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी भरलेल्या नव्या एच-वनवर एक लाख डॉलर लावले. देशात राहून स्टेटस बदलणाऱ्याला ते लागत नाहीत. त्या मुलासाठी कुठल्या डिपार्टमेंटने एवढे पैसे भरले असते?

आता पर्म. पोस्टडॉक ही मुळात तात्पुरती जागा, आणि पर्म कायम जागेसाठीच होतो. म्हणून बहुतेक विद्यापीठं पोस्टडॉकचा पर्म करत नाहीत. तो अन्याय म्हणून भांडू नका, जागा बदलून मागा. जागा मिळाली की आधी प्रचलित वेतनाचा आकडा मागवायचा, त्यालाच काही महिने जातात. मग दोन रविवारच्या जाहिराती, राज्याच्या नोकरी केंद्रात तीस दिवस, कामाच्या जागी दहा कामकाजाचे दिवस नोटीस, आणखी तीन प्रकारची जाहिरात, मग तीस दिवस थांबायचं, आणि पहिल्या पायरीपासून १८० दिवसांच्या आत अर्ज टाकायचा. पुढे श्रम खातं वर्षाहून जास्त घेतं. सर्टिफिकेट आलं की आय-१४० भरायला पुन्हा १८० दिवस. एक रविवार चुकला तरी सगळं पहिल्यापासून.

यात एक गोष्ट कोणी विचारत नाही. जे-वनवर ज्या एम्प्लॉयरकडे काम केलं, त्याच एम्प्लॉयरच्या पर्ममध्ये तो अनुभव साधारणपणे धरता येत नाही, नवी जागा जुनीपेक्षा खरोखर वेगळी असल्याचं दाखवता आलं तरच धरतात. तीन वर्षं ज्या मशीनवर हात बसला, तोच अनुभव जाहिरातीत अट म्हणून घातला आणि तो तिथेच मिळालेला निघाला, तर अर्ज पडतो. संशोधन दमदार असेल तर ईबी-वन-बीला (नामवंत संशोधकांच्या ग्रीन कार्डच्या गटाला) पर्म लागत नाही. तीन वर्षांचा अनुभव आणि कायम संशोधनाची जागा लागते. भारतीयांसाठी ती रांगही आहे, पण ईबी-टूएवढी लांब नाही.

राहिला तो प्रश्न ज्यावर माझं मत दर सहा महिन्यांनी बदलतं: जे-वनवर असतानाच आय-१४० भरावा का? भरला तर प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची तारीख) पक्की होते आणि नोकरी बदलली तरी बहुधा टिकते. भारतीयासाठी रांगेतला एकेक महिना मोलाचा आहे. पण जे-वनला परत जायचा इरादा दाखवावा लागतो. पुढच्या वेळी डीएस-१६०मध्ये, म्हणजे व्हिसाच्या अर्जात, विचारतात, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरलं आहे का? तिथे खोटं लिहायचं नाही, आणि खरं लिहिलं की मुंबईच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याला नकाराचं कारण आयतं मिळतं. आईवडील आजारी असलेल्या, वर्षातून एकदा घरी जाणाऱ्या माणसाला मी काय सांगू? गेल्या महिन्यात एकीला "भरा" म्हणाले आणि रात्री पुन्हा फोन करून विचारलं, "शिक्का कधी संपतोय?" तिचा शिक्का मार्चमध्ये संपत होता आणि भावाचं लग्न मे महिन्यात होतं. तिला म्हटलं, थांब. ते बरोबर सांगितलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.